म्ग्बाफो : विसरत चाललेलं एक इग्बो नाव

रानजाई

२००९ ते २०१५ अशी सहा वर्षं आम्ही एनुगूला होतो. आग्नेय नायजेरियातलं, इग्बो लोकांचं शहर. कोळशाच्या खाणींमुळे वाढलेलं. माती तांबडी, पहिला पाऊस पडला की वास थेट आमच्या राजापूरचा. उवानी भागात घर होतं आणि समोरच्या घरात मामा न्केची राहायच्या. न्केची ही त्यांची थोरली मुलगी, म्हणून त्या मामा न्केची. लेकुरवाळ्या बाईला तिकडे तिच्या नावाने हाक मारत नाहीत, थोरल्या मुलाची आई म्हणूनच ती ओळखली जाते. सहा वर्षांत मी त्यांचं नाव विचारलंही नाही.

सकाळी सहाच्या सुमाराला त्यांच्या दारातून हाळी यायची, "ओक्पा दी ओकू!" म्हणजे गरम ओक्पा. जमिनीखाली लागणाऱ्या एका शेंगेच्या दाण्यांचं पीठ, त्यात पाम तेल आणि मिरची, केळीच्या पानात बांधून उकडलेलं. पान सोडलं की आत पिवळाधमक, थरथरणारा गोळा. आंबोळीची सवय असलेल्या माझ्या जिभेला तो तिसऱ्याच दिवशी आवडायला लागला.

माझी मुलगी तिथेच झाली. व्हिसाच्या घोळात आईला येता आलं नाही. मामा न्केची न बोलावता आल्या. बाळंतिणीच्या आईने येऊन महिनाभर लेकीचं आणि बाळाचं करायचं, याला तिकडे ओमुग्वो म्हणतात. त्यांनी माझं ओमुग्वो केलं. कढत पाण्यात फडकं बुडवून पोट शेकायच्या, इतकं कढत की मी ओरडायचे. उझिझाची पानं घातलेलं तिखटजाळ सूप समोर बसून प्यायला लावायच्या. आपल्याकडे शेकशेगडी आणि अळिवाची खीर, तिथे हे. पहिल्या दिवशी बाळाला हातात घेऊन त्यांनी एकच प्रश्न विचारला होता, आज बाजार कुठला? मग स्वतःच बोटांवर मोजून म्हणाल्या, "एके." तेव्हापासून माझी मुलगी त्यांच्यासाठी म्ग्बेके. आम्ही ठेवलेलं नाव त्यांनी कधी घेतलं नाही.

आम्ही भारतात परतल्यावर तीन वर्षांनी त्या गेल्या. न्केचीने पोस्टरचा फोटो पाठवला. तिकडे माणूस गेलं की मोठं रंगीत पोस्टर छापून भिंतींवर, खांबांवर, फाटकावर लावतात. फोटोत त्यांच्या डोक्याला तो कडक बांधलेला फेटा आणि खाली नाव, 'एझिन्ने बिआत्रिस म्ग्बाफोर', पुढे नवऱ्याचं आडनाव. एझिन्ने म्हणजे चांगली आई, चर्चकडून वयस्क बायकांना मिळणारा मान. बिआत्रिस हे बाप्तिस्म्याचं. आणि म्ग्बाफोर? ज्यांनी मला न्हाऊमाखू घातलं त्यांचं नाव मी पहिल्यांदा भिंतीवरच्या कागदावर वाचत होते.

न्केचीला विचारलं तेव्हा उलगडा झाला. इग्बो आठवडा चार दिवसांचा : एके, ओरिये, आफो, न्क्वो. चारही बाजारांचे दिवस. गावोगावचे बाजार आणि कित्येक ठिकाणांची नावंही त्यावरूनच, आवका शहरातला एके आवका, न्नेवीचा न्क्वो न्नेवी, जशा आपल्या पुण्याच्या बुधवार आणि शुक्रवार पेठा. मूल ज्या दिवशी जन्मलं त्या दिवसाचं नाव त्याला द्यायची जुनी पद्धत. मुलगे ओकेके, ओकोरिये किंवा ओकोये, ओकाफोर, ओकोंक्वो. मुली म्ग्बेके, म्ग्बोरिये, म्ग्बाफो, म्ग्बोक्वो. म्हणजे म्ग्बाफो, आफोच्या दिवशी जन्मलेली.

आता धागा काढायचं कारण. न्केचीची मुलगी ह्यूस्टनला नर्स आहे, तिला पुढच्या महिन्यात मुलगी होणार आहे. आजीचं नाव द्यायचं तिच्या मनात आहे. घरातले बरेचसे विरोधात आहेत. नाव जुनाट, खेडवळ, कुणाला उच्चारता येणार नाही, वगैरे. तिने मला विचारलं, "आंटी, तुम्ही काय म्हणता?" मला तर ते नाव फार जवळचं आहे, त्यामुळे माझं मत एकांगी असणार. इथे आफ्रिकेत राहिलेले, भाषांचा अभ्यास असलेले बरेच जण आहेत. या नावाबद्दल, असल्या नावांबद्दल जे माहीत असेल ते लिहा. मी तिला एकेक सांगणार आहे.

---

सुमेधक

वाचतोय. उच्चार नेमका कसा करायचा? 'म्ग्बा' माझ्या तोंडून 'मगबा' असा येतोय. आणि तुम्ही एकदा म्ग्बाफो लिहिलंय, एकदा म्ग्बाफोर. कुठलं बरोबर?

---

रानजाई

@सुमेधक, मलाही जमायला वर्ष लागलं. सुरुवातीचा म हा स्वतंत्र अवयव आहे, त्याला स्वतःचा सूर असतो. ओठ मिटून 'म्' जरा लांबवायचा. मग 'ग' आणि 'ब' एकापाठोपाठ नाही, एकाच वेळी. जिभेचं मूळ ग साठी वर टेकलेलं आणि ओठ ब साठी मिटलेले, दोन्ही एकदम सोडायचे. इग्बो या शब्दातही तोच आवाज आहे, आपण त्याला 'इग-बो' करून टाकतो.

र चं म्हणाल तर तो मुळात नाहीच. आफो मधला ओ उघडा आहे, 'ऑ'च्या जवळचा. १९६१ मध्ये ठरलेल्या लेखनपद्धतीत त्या ओखाली टिंब देतात. त्याच्या आधी इंग्रजांनी आपल्या कानाने तो 'ऑर' असा लिहिला, कारण त्यांच्या बोलण्यात शेवटचा र ऐकूच येत नाही. ओकाफोरमधला र पण तसाच चिकटलेला. ठाण्याचं 'थाना' झालं आणि शीवचं 'सायन', त्यातलाच प्रकार.

शिवाय भाषा सुरांची आहे. 'अक्वा' ही अक्षरं चार वेगळ्या सुरांत म्हटली की रडणं, कापड, अंडं आणि पलंग असे चार अर्थ होतात. आफोचंही तेच, सूर बदलला की पोट, वर्ष किंवा बाजाराचा दिवस. मी एकदा मामा न्केचींना सांगायला गेले की दोन अंडी हवीत, आणि त्या घाबरून विचारायला लागल्या, कोण रडतंय?

---

पाऊणवाट

सहा वर्षं लागोसला होतो, ऑफिसात निम्मे इग्बो. मी जे पाहिलं ते सांगतो, कडू वाटलं तरी.

तुमच्या मुलीला त्या आजी म्ग्बेके म्हणायच्या हे वाचून मी जरा थबकलो. आजच्या बोलण्यात, विशेषतः शहरी तरुणांच्या तोंडी, म्ग्बेके ही शिवी आहे. गावंढळ, चालीरीती न कळणारी, नीट कपडे न घालणारी बाई म्हणजे म्ग्बेके. आपण काकूबाई म्हणतो त्याच्याही दोन पायऱ्या खाली. आमच्या रिसेप्शनवरच्या मुलीला कुणीतरी असं म्हटलं तर ती दिवसभर रडत होती. म्ग्बाफोची गत तितकी वाईट नाही, पण वारा तोच. गावातल्या म्हातारीचं नाव.

लोकप्रियतेबद्दल विचाराल तर हल्लीच्या मुलींची नावं म्हणजे चिदिन्मा, चियामाका, चिनाझा, सोम्तोचुक्वू, कोसिसोचुक्वू. सगळी देवाची, पूर्ण वाक्यंच जणू. चिदिन्मा म्हणजे देव चांगला आहे. कोसिसोचुक्वू म्हणजे देवाच्या मर्जीप्रमाणे. जरा आधीच्या पिढीत न्गोझी, इफेओमा, न्केची. माझ्या ओळखीच्या शंभरेक इग्बो बायकांमध्ये चाळिशीच्या आतली एकही म्ग्बाफो नव्हती. मूल अमेरिकेत वाढणार. तिथली शाळा आणि वर सुट्टीत गावी गेल्यावर चुलत भावंडांचं चिडवणं, दोन्हीकडून बिचारीला ऐकावं लागेल. मी तरी विचार करा म्हणेन.

---

कालिंदी_काठ

पाऊणवाट, तुमचा मुद्दा मान्य, पण एक विचारते. तुमच्या त्याच ऑफिसात ओकाफोर किती होते? ओकेके, ओकोये, ओकोंक्वो, न्वान्क्वो? तीही बाजाराच्या दिवसाचीच नावं. त्यांना कुणी गावंढळ म्हणतं का?

---

पाऊणवाट

@कालिंदी_काठ, पैशाला पासरी. माझा बॉसच ओकाफोर होता. बरोबर आहे तुमचं, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

---

कालिंदी_काठ

मग लिहितेच सविस्तर. पश्चिम आफ्रिकेच्या इतिहासावर काही वर्षं काम केलंय, आणि हा विषय माझ्या मनाला लागलेला आहे.

मूळ एकच होतं : दिवस. त्यातून मुलासाठी एक नाव निघालं, मुलीसाठी एक. मग मुलाचं टिकलं आणि मुलीचं का गेलं? मला त्याची वाट स्पष्ट दिसते. १८५७ मध्ये ओनित्शाला प्रोटेस्टंट मिशन आलं, १८८५ मध्ये कॅथलिक. शाळा निघाल्या, कचेऱ्या निघाल्या, प्रत्येक नोंदवहीत आडनावाचा रकाना आला. इग्बोंना आडनाव नव्हतंच. मग बापाचं किंवा आजोबांचं नाव तिथे गेलं. आजोबा आफोच्या दिवशी जन्मले होते, म्हणून आज नातू-पणतू सगळे ओकाफोर, मग ते स्वतः कुठल्याही दिवशी जन्मलेले असोत. अशी ती नावं कागदावर चढली आणि टिकली. ह्यूस्टन, लंडन, टोरांटो, कुठेही जा, ओकाफोर भेटेल. १९९६ मध्ये अटलांटाला ऑलिंपिक सुवर्ण जिंकलेल्या नायजेरियन फुटबॉल संघाचा कप्तान न्वान्क्वो कानू, त्याचं नाव म्हणजे न्क्वोचं लेकरू.

आईचं नाव मात्र आडनावाच्या रकान्यात कधीच गेलं नाही. लग्नाआधी ती कुणाची मुलगी, नंतर कुणाची बायको, मग मामा न्केची. बाप्तिस्मा झाला की बिआत्रिस, ग्रेस, कॅथरिन. खुद्द इग्बो कादंबरीकार चिनुआ अचेबेंचा बाप्तिस्मा अल्बर्ट या नावाने झाला होता, त्यांनी तरुणपणी ते टाकून दिलं. बायकांना ते टाकण्याइतकी मुभा कुठे होती? चर्चला या दिवसांचं वावडं, कारण चारही दिवस चार देवतांचे. त्यामुळे बाईच्या नावाला वर चढायला एकही शिडी उरली नाही. ते माहेरच्या अंगणात राहिलं, आणि त्या अंगणातल्या म्हाताऱ्या संपल्या तसं संपत आलं. मग जे नाव फक्त खेड्यातल्या म्हातारीकडे उरलं ते खेडवळ ठरलं. आधी खेडवळ होतं म्हणून गेलं असं नाही.

आणि बाजार म्हणजे काय हेही लक्षात घ्या. इग्बो मुलखात बाजार बायकांचा. नुसती खरेदी-विक्री नाही, बायकांच्या सभा तिथे भरत, भांडणं तिथे तुटत. बायकोला छळणाऱ्या नवऱ्याच्या दारात जाऊन सगळ्या जणी रात्रभर गाणी म्हणत, त्याची लाज काढत, त्याने कबूल होईपर्यंत उठत नसत. नोव्हेंबर १९२९ मध्ये ओलोको गावात मोजणीदाराने न्वान्येरुवा नावाच्या बाईला तिची माणसं, शेळ्या, मेंढ्या मोजायला सांगितल्या. पुरुषांवर कर बसलाच होता, आता बायकांवर बसणार हे तिने ओळखलं आणि ती सरळ बायकांच्या सभेत गेली. ताडाची पानं गावोगाव फिरली, हा बोलावण्याचा इशारा होता. हजारो बायका उठल्या. सरकारी गोळीबारात पन्नासहून अधिक बायका मेल्या, पण बायकांवर कर बसला नाही. इंग्रजी दप्तरात याला 'आबा दंगल' म्हणतात, इग्बो त्याला 'ओगू उमुन्वान्यी' म्हणतात, बायकांची लढाई. त्या गर्दीत म्ग्बेके आणि म्ग्बाफो किती असतील विचार करा. बाजाराचा दिवस नावात घेऊन फिरणं ही त्यांना लाज वाटायची गोष्ट नव्हती.

---

झुळूक

कालिंदी, काय लिहिलंस! दोनदा वाचलं.

---

पुस्तकमाळ

अचेबेंचा उल्लेख आला म्हणून. त्यांच्या 'थिंग्ज फॉल अपार्ट' (१९५८) या कादंबरीत एक म्ग्बाफो आहे. ओकोंक्वो नायक, त्याचं नाव जगभर शाळाकॉलेजांत शिकवलं जातं. म्ग्बाफो एका प्रकरणापुरती येते. नवरा उझोवुलू तिला वर्षानुवर्षं मारतो, शेवटी भाऊ येऊन तिला आणि मुलांना माहेरी घेऊन जातात. नवरा पूर्वजांच्या मुखवट्यांसमोर, एग्वुग्वूंसमोर फिर्याद घेऊन येतो. निवाडा होतो की त्याने ताडीचं मडकं घेऊन सासरी जावं आणि बायकोची विनवणी करावी, बाईवर हात उगारण्यात मर्दुमकी नाही.

माझ्या मनात कायम राहिलंय ते असं की सगळा न्याय तिच्याबद्दल चालतो आणि ती स्वतः एक शब्द बोलत नाही. नवरा बोलतो, भाऊ बोलतो. कालिंदी_काठ यांनी शिडीचं जे लिहिलं ते वाचून ते प्रकरण परत काढून वाचलं.

---

गुरुजी_डहाणू

रानजाईताई, धागा वाचून राहवलं नाही म्हणून टंकतोय. मी एकतीस वर्षं प्राथमिक शिक्षक होतो, त्यातली बावीस डहाणू तालुक्यातल्या पाड्यांवर. आमच्या वारली मुलांची नावं अशीच, जन्मवारावरून. सोम्या, मंगळ्या, बुध्या, शुक्र्या, आयतवारचा आयतू. मुली सोमी, मंगळी, बुधी, शुक्री.

पहिलीत नाव घालताना आम्ही काय करायचो ते सांगतो. बुधीचं विद्या, मंगळीचं मंगला, शुक्रीचं सुषमा. आईबापांना विचारायचो नाही. चांगलंच करतोय असं वाटायचं, पुढे मुलीला कुणी हसू नये. एकदा चौथीच्या वर्गात हजेरी घेताना मी सुषमा, सुषमा असं तीनदा पुकारलं. पोरगी पहिल्या बाकावर बसलेली, माझ्याकडे बघत होती. तीन वर्षांत तिला ते नाव आपलं आहे हे कळलंच नव्हतं. शेजारणीने ढोसलं, "शुक्रे, तुला बोलवतान."

मुलांचीही नावं बदलली, पण कमी. आयतू, बुध्या हे आता कित्येक घरांत बापाचं नाव म्हणून कागदावर आहेत. मुलींची गेली ती गेलीच. इग्बो लोकांचा मला काही गंध नाही, पण कालिंदीताईंनी सांगितलेली गोष्ट माझ्या हजेरीपटात घडलेली आहे आणि पेन माझ्या हातात होतं. त्या ह्यूस्टनच्या लेकीला सांगा, एका मास्तरचं मत नाव ठेवावं असं आहे.

---

झुळूक

गुरुजी, नमस्कार करते तुम्हाला. हे लिहायला धीर लागतो.

यावरून नकोशी आठवली. साताऱ्यात २०११ मध्ये २८५ मुलींची नकोशी, नकुसा ही नावं बदलली होती. म्हणजे नाव बदलणं नेहमीच वाईट असं नाही ना? कधीकधी नाव हेच ओझं असतं.

---

कालिंदी_काठ

झुळूक, अगदी. पण दोन्ही एका मापाने मोजू नयेत. नकोशी हे नाव मुलीला सांगतं की तू नको होतीस. म्ग्बाफो किंवा शुक्री तिला फक्त सांगते की तू अमक्या दिवशी आलीस. त्यात कसलाही कमीपणा नाही.

इग्बोंमध्येही मुलगा हवा असताना मुलगी झाली की द्यायचं एक नाव आहे, न्वान्यीबुइफे. अर्थ, बाईसुद्धा काहीतरी आहे. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला कळेना हसावं की रडावं. त्यात मन मोडल्याची कबुली आहे आणि गावाला दिलेलं उत्तरही आहे. तेही आता फारसं ऐकू येत नाही. याउलट मूल जगत नसेल तर आपण दगडू, धोंडू, केरबा ठेवायचो तसं तिकडे ओझोएमेना, पुन्हा असं न होवो. ही नावं म्हणजे त्या घरात काय घडलं त्याची नोंदच. नावाचा अर्थ विचारायच्या आधी ते कुठल्या प्रकारचं नाव आहे ते पाहावं लागतं : दिवसाचं, दुःखाचं, देवाचं की नवसाचं.

---

आक्राकर

घानातून. इथे अकान लोकांत जन्मवाराची नावं आजही जोरात आहेत आणि बायकांचीही. सोमवारची आद्वोआ, मंगळवारची आबेना, शुक्रवारची आफुआ, शनिवारची आमा. कोफी अन्नान शुक्रवारचे. १९०० मध्ये इंग्रजांशी लढलेली राणीमाता या असांतेवा, त्यातलं 'या' म्हणजे गुरुवारची. आमच्या बँकेत मॅनेजर आमा आहे, शिपाई कोफी आहे, मंत्रीही कोफी असतो. कुणाला खेडवळ वाटत नाही. आठवडा सात दिवसांचा असल्याने शाळेच्या कॅलेंडरशी तो जुळला, हा फरक असावा असं मला वाटतं. चार दिवसांचा आठवडा मुलांना भिंतीवर कुठे दिसतो?

---

सुमेधक

आक्राकर म्हणतायत त्यावरून गणित करून पाहिलं. आफो दर चार दिवसांनी येतो. आज रविवारी आफो असेल तर पुढच्या रविवारी ओरिये, आणि रविवारी परत आफो यायला २८ दिवस लागतात. ३६५ ला चारने भागलं की एक उरतो, म्हणजे वाढदिवसाची तारीख दर वर्षी एक बाजार पुढे सरकते. यंदा आफो तर पुढच्या वर्षी न्क्वो. मध्ये २९ फेब्रुवारी आला तर दोन बाजार. एका ज्ञात दिवसापासून मोजलं तर कुठल्याही तारखेचा बाजार काढता येतो.

पण प्रश्न असा, त्या ताईंच्या बाळाचा जन्म आफोच्याच दिवशी होईल याची शक्यता चारात एक. नाही झाला तर? न्क्वोच्या मुलीला म्ग्बाफो म्हणणं चालतं का?

---

रानजाई

सुमेधक, नेमकं हेच न्केचीचा काका म्हणतोय! तो गावी असतो, उडीकडे, नव्वदीचा आहे आणि घरात दिवस मोजायचं काम त्याचं. त्याला नाव ठेवण्याला विरोध नाही. त्याचं म्हणणं, दुसऱ्याचा दिवस नावात घालायचा नाही, ते खोटं होतं. आजीच परत आली असं वाटत असेल तर न्नेन्ने ठेवा, आईची आई. तशी पद्धत आहेच.

पाऊणवाट, म्ग्बेकेबद्दल. ती शिवी आहे हे मला २०१३ साली कळलं, दुकानात दोन पोरं एका बाईला म्हणताना. घरी येऊन मी मामा न्केचींवर रागावले, माझ्या लेकीला असं का म्हणता म्हणून. त्या ओक्पाची पानं पुसत होत्या. हातातलं फडकं ठेवून म्हणाल्या, "न्वाम (माझ्या लेकरा), एके हा पहिला दिवस. सगळे दिवस त्याच्या मागून येतात." आणि परत पानं पुसायला लागल्या. स्वतःचं नाव त्यांनी तेव्हाही सांगितलं नाही. त्यांच्या अंत्यविधीला त्यांच्या माहेरच्या लेकी आल्या होत्या, उमुआदा म्हणतात त्यांना, कुळातल्या सगळ्या मुली, कुठेही दिलेल्या असोत, मयताला येतातच. न्केचीने व्हिडिओ पाठवला होता. सगळं चर्च बिआत्रिस म्हणत होतं, आणि त्या पंधरा-वीस म्हाताऱ्या अंगणात गोल धरून एकच हाक घालत होत्या, म्ग्बाफो, म्ग्बाफो. पहिला म् लांबवत.

तुम्हा सगळ्यांचं तिला वाचून दाखवलं, जमेल तसं इंग्रजीत करून. गुरुजींचं वाचताना फोनवर बराच वेळ शांतता होती.

---

पाऊणवाट

हे वाचून माझं मत बदललं असं म्हणणार नाही, चिडवणारे चिडवणारच. पण मुलगी विचारेल तेव्हा तिच्या आईकडे सांगायला एवढं असेल तर तिला ते झेपेल. बाळ झालं की कळवा.

---

रानजाई

कळवायला आले आहे. मुलगी झाली. दोघी सुखरूप.

आता ऐका. जन्म रात्री अकरा चाळीसला, ह्यूस्टनमध्ये. न्केचीने मोजलं, ओरिये. सगळा हिरमोड. म्ग्बोरिये ठेवायचं की न्नेन्ने, यावर रात्रभर फोन चालू. शेवटी गावी काकाला लावला. त्याने आधी वेळ विचारली. मग म्हणाला, इथे तेव्हा किती वाजले होते? ह्यूस्टन सहा तास मागे. म्हणजे उडीला पहाटेचे पाच चाळीस.

काका म्हणाला, मी जागा होतो, कोंबडा आरवून गेला होता. रस्त्याने बायका टोपल्या घेऊन चालल्या होत्या, मी त्यांचा आवाज ऐकला. त्या आफोच्या बाजाराला चालल्या होत्या.

जन्मदाखल्यावर पहिलं नाव चिदिन्मा, कारण तिच्या सासरच्यांनाही काही द्यायला हवं. दुसरं म्ग्बाफो. शेवटचा र न घालता.